दिव्यांग कक्षाची किल्ली कोणाकडे ठेवावी?

सर, समन्वयक म्हणून तुमच्या नावाची ऑर्डर निघाली असं कळलं. बसा, पाणी घ्या. घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या कॉलेजचा दिव्यांग कक्ष मी सहा वर्षं सांभाळला आणि या सहा वर्षांत कक्षातलं एकही यंत्र बिघडलं नाही. हात लागल्याशिवाय यंत्र बिघडत नसतं, एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलंत तर तुमचीही सहा वर्षं सुखात जातील.

आधी खरेदीचं बघू. पहिल्याच आठवड्यात एखादा उत्साही विद्यार्थी येईल आणि म्हणेल, ‘सर, स्क्रीन रीडर हवा. एनव्हीडीए टाका, फुकट आहे.’ पोरगा खोटं बोलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी उभा केलेला हा प्रोग्राम आहे, 2006 पासूनचा. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, मराठी वाचतो, पेन ड्राइव्हवर घालून खिशातही नेता येतो. पण फुकट आहे हीच त्याची मोठी खोट. फुकट वस्तूची तीन कोटेशनं कुठून आणणार? तुलनात्मक तक्त्यात काय भरणार? उपयोगिता प्रमाणपत्रावर शून्य रुपये लिहून पाठवलंत तर अकाउंटवाले तुमच्याकडे संशयानं बघतील. तेव्हा विकतचाच घ्या. जॉज घ्या, त्याचं बिल येतं. बिल आलं की डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते. त्या रजिस्टरचं नाव ज्यानं ठेवलं, तो माणूस द्रष्टा असला पाहिजे.

जमलं तर ब्रेल प्रिंटरही घ्या. भारदस्त दिसतो, चालू केला की खडखडाट करतो, पाहुणे दबकतात. त्याला जाड कागद लागतो, साध्या कागदावरचे ठिपके बोट फिरवता फिरवता बसून जातात. हा कागद मात्र मागवू नका. यंत्र भांडवली खर्चात जातं, कागद किरकोळीत, आणि किरकोळीचं बजेट गॅदरिंगला संपलेलं असतं.

कक्ष कुठे असावा? दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरच्या खोल्या परीक्षा विभागाला लागतात आणि तसंही कक्षात कोणी येत नाही, हे सहा वर्षांच्या अनुभवानं सिद्ध झालेलं आहे. तळमजल्यावर रॅम्प पुरे. रॅम्पचा चढ एकास बारा असावा असं नियमात म्हटलंय. म्हणजे आपल्या प्रवेशद्वारापाशी पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या आहेत ना, त्यांना सुमारे साडेपाच मीटर लांब रॅम्प लागेल. एवढ्या जागेत प्राचार्यांची गाडी उभी राहते. आपण दीड मीटरमध्ये बसवला. व्हीलचेअर चढत नाही, पण उतरते फार झकास. अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून पिवळ्या उठावाच्या फरश्याही बसवून घेतल्यात, त्या सरळ दुचाकींच्या स्टँडमध्ये जातात.

आता किल्ली. नवखे समन्वयक इथेच चुकतात, किल्ली स्वतःकडे ठेवतात आणि मग मुलं केबिनशी येऊन उभी राहतात. किल्ली लॅब असिस्टंटकडे द्यावी, डुप्लिकेट ऑफिस सुपरिंटेंडेंटकडे, म्हणजे ओ.एस.कडे. लॅब असिस्टंट निवडणूक ड्यूटीवर असतो आणि ओ.एस.चं म्हणणं असतं की मूळ किल्ली असताना डुप्लिकेट काढता येत नाही. शिवाय कक्ष वापरण्यापूर्वी विद्यार्थ्यानं स्वहस्ताक्षरात अर्ज करावा, असा नियम करून ठेवा. मी केला होता. अंध विद्यार्थ्यानं स्वहस्ताक्षर कुठून आणायचं, असं एका मुलानं विचारलं, तेव्हा मी अर्ज ऑनलाइन केला. त्या अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला. त्यानंतर अर्ज आले नाहीत. मागणीच नाही, असं मी वार्षिक अहवालात लिहिलं.

शिकवण्याच्या साहित्याचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या मराठी विभागाचा हात कोणी धरणार नाही. बहुतेक विषयांत नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो, त्यात कोपऱ्यात सरांचा अंगठा. तो फोटो पीडीएफ करून ग्रुपवर टाकला की डिजिटल साहित्य झालं. स्क्रीन रीडरला त्यात अक्षरं सापडत नाहीत, तो नुसतं ‘रिकामं’ म्हणून गप्प बसतो. त्यावर उपाय आहेत, फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्राम मराठीतही चालतात. पण सरांचा अंगठा ओळखणारा अजून निघायचाय.

मराठी विभागाची तऱ्हा याहून वरची. तिथे नोट्स खरोखर टाइप केलेल्या असतात. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीनं एकदा माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला, दुसरा माझ्या हातात दिला. पडद्यावर मला स्वच्छ, ठसठशीत ‘मराठी’ हा शब्द दिसत होता. कानात आवाज आला : ‘ई जे के बी एच.’ मी म्हटलं, मशीन बिघडलं. ती म्हणाली, ‘नाही सर, मशीन बरोबर वाचतंय. हा कृतिदेव फॉन्ट आहे. यात म दिसायला ई दाबतात, र ला जे, ठ ला कॅपिटल बी. तुम्हाला वरचा मुखवटा दिसतो, त्याला खालची इंग्रजी अक्षरं दिसतात.’ मग तिनं पुढचं पान ऐकवलं. संतसाहित्यावरचं प्रकरण होतं. पाऊण मिनिट मी ते ऐकलं, एखाद्यानं टाइपरायटर जिन्यावरून खाली सोडावा तसं. ती मुलगी अशी एकशेचाळीस पानं ऐकायला बसली होती आणि मधूनमधून कशाचा तरी अंदाजही लावत होती.

युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे म च्या खाली म च असतो तिथे, टाइप केलं तर हा प्रश्नच उरत नाही, जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टरही आहेत. पण हे विभागात बोलू नका. तिथले टायपिस्ट पंचवीस वर्षं त्याच कीबोर्डवर बसलेत आणि भाषेच्या अस्मितेचा प्रश्न निघाला की तो विभाग फार हळवा होतो.

पुस्तकं स्कॅन करून द्या म्हणून मुलं ग्रंथपालांकडे गेली तर ते ‘कॉपीराइट’ म्हणतील. म्हणू द्या. कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा मिळाली. याच कामासाठीच्या मराकेश करारावर पक्की सही करणारा भारत हा 2014 मध्ये जगातला पहिला देश ठरला. 2016 च्या ऑगस्टपासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. ही सगळी बातमी आपल्या ग्रंथालयाच्या दारापर्यंत आली होती, पण तिनं बॅग बाहेर ठेवली नाही म्हणून तिला आत घेतलं नाही.

कर्णबधिर मुलांची काळजी करू नका, ती तक्रार करायला आली तरी दुभाषा नसल्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप मोबाईलवर लावून ती पहिल्या बाकावर बसतात. त्यावर आपल्याकडे ‘वर्गात मोबाईल बंद’ हा नियम आहेच.

परीक्षेत मात्र थोडं सांभाळा, तिथे कागद फार आहेत. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं वाढीव वेळ द्यायचा असतो आणि लेखनिक घ्यायचा की कॉम्प्युटरवर लिहायचं, हे शक्य तिथे विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं. कॉम्प्युटर आदल्या दिवशी तपासूनही बघू द्यायचा, म्हणे. असं काही आपणहून सांगू नका. लेखनिक बरा. कॉम्प्युटर दिला की विद्यार्थी स्वतःचं उत्तर स्वतः लिहितो, आणि मग त्यानं ते एकट्यानं लिहिलं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. चाळीस टक्क्यांच्या खालचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेऊन कोणी आला, तर त्याला पूर्वी सरळ परत पाठवता यायचं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात त्याचीही पंचाईत करून ठेवली. हात चालत नसेल तर टक्के बघून लेखनिक नाकारू नका, असा निकाल आहे. तुम्ही तो वाचलेला नाही, असं समजू.

कोणी कायदा काढलाच, तर तुम्हीही काढा. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, एकवीस प्रकारची अपंगत्वं, उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा, सगळं भिंतीवर फ्लेक्सवर छापून लावलंय. फ्लेक्स वाचता यावा म्हणून मुलांना त्याच्यासमोर नेऊन उभं केलंय, असा फोटोही आहे. आणि अभ्यासदौरा काढायचाच असेल तर मुंबईत सेंट झेवियर्समध्ये दृष्टिबाधितांसाठी 2003 पासून केंद्र चालतं, तिथे न्या. चहा प्या, फोटो काढा. तिथल्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, एवढं मात्र विचारू नका. उगाच आपली झोप जाते.

राहता राहिला कॉलेजचा दर्जा ठरवायला येणाऱ्या मूल्यांकन समितीचा दिवस. गेल्या खेपेला त्यांच्या सातव्या निकषात रॅम्प, स्वच्छतागृह, स्क्रीन रीडर अशी सगळी यादी होती आणि प्रत्येकाचा ठिकाण नोंदलेला जिओटॅग फोटो लागला. तेव्हा एक सदस्य म्हणाले, फोटो पाहिले, आता चालवून दाखवा. माझ्या पोटात गोळा आला. एम.ए.च्या त्याच मुलीला बोलावलं. तिनं कॉम्प्युटरपाशी बसून बोटं ठेवली आणि कर्र असा आवाज आला. कीबोर्डवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. स्पीकर गॅदरिंगला गेलेले. मग तिनं स्वतःचा मोबाईल काढला, कॉलेजची वेबसाइट उघडली आणि आवाज मोठा केला. मोबाईल बोलू लागला : ‘बटन, लेबल नाही. बटन, लेबल नाही. चित्र, आय एम जी अंडरस्कोर दोन शून्य चार सात.’ ते शेवटचं म्हणजे आपले प्राचार्य होते.

‘वा, बोलतंय की!’ सदस्य म्हणाले, आणि त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली.

सगळे जेवायला गेल्यावर ती मुलगी मला म्हणाली, ‘सर, प्लास्टिक थोडं फाटलंय माझ्याकडून. चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल, टेप लावू.

तर ही घ्या किल्ली. लागेल बहुतेक. त्या दिवसानंतर मी लावून बघितलेली नाही.