‘दोन दिवसांच्या कामाला आठ दिवस’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी तुमचे दोन फोन आले आणि एकही उचलला गेला नाही, ही चूक आमचीच. माफ करा. ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने धातूवर बारीक कण मारणं) चालू असताना रिंग ऐकू येत नाही, पण नंतर उलट फोन करायला हवा होता.

मात्र तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूत ‘दोन दिवसांच्या कामाला आठ दिवस लावले आणि वर इम्प्लांट काळपट करून दिले’ हे वाचून फार वाईट वाटलं.

सोमवारी तुमचा टायटॅनियमच्या डेंटल इम्प्लांटचा (जबड्यात बसवायच्या स्क्रूंचा) 120 नगांचा लॉट पृष्ठभाग खरखरीत करून द्यायला भोसरीला आला. चलनावर ग्रेड 4 लिहिलं होतं. तुम्ही दिलेले दोन जादा नग त्याच दिवशी ॲल्युमिनाच्या कणांनी ब्लास्ट केले आणि सल्फ्युरिक-हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात सोडले. बाहेर काढून तोलले तर वजनातली घट हिशेबात बसेना, पोतही वेगळाच. ग्रेड 4 म्हणजे शुद्ध टायटॅनियम. ग्रेड 5 मध्ये साधारण 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असतं, दोघांना ॲसिडची एकच वेळ चालत नाही. वेळ कमी पडली तर बारीक खड्डे उठत नाहीत, जास्त झाली तर आट्यांच्या कडा जातात, आणि गेलेला धातू परत आणता येत नाही. म्हणून मंगळवारी सकाळीच तुमच्याकडे मिल सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) मागितलं. ते आलं शुक्रवारी संध्याकाळी, आणि त्यावर ग्रेड 5! शनिवारी नवी ट्रायल, रविवारी सुट्टी न घेता पूर्ण लॉट, सोमवारी अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन डिस्पॅच. चार दिवस तुमचा माल तुमच्याच कागदासाठी थांबला होता, सर. दुसऱ्या ट्रायलचे पैसेही आम्ही लावले नाहीत.

काळपटपणाचं म्हणाल तर एचिंगनंतर, म्हणजे ॲसिडमधून काढल्यावर, टायटॅनियम राखाडीच दिसतं. मशीनवरची चकाकी तशीच राहिली तर एचिंग झालंच नाही असं समजा. ब्लास्टिंगच्या मोठ्या खड्ड्यांत ॲसिडने उठवलेले एक-दोन मायक्रॉनचे खड्डे असतात, हाड त्यांना चांगलं धरतं.

माझ्याकडे चार माणसं आहेत. तुमचा एक स्टार बघून परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने ‘काय झालं हो?’ म्हणून विचारलं. हे नग कुणाच्या तरी जबड्यात बसणार, ते अंदाजाने टाकीत सोडायला माझा हात धजला नाही.

फोनचं काहीतरी नक्की करतो, कागदपत्रंही आता माल उतरवतानाच बघू. ट्रायलचे नग जपून ठेवले आहेत, एकदा येऊन डोळ्यांनी बघा.