युरेनियमचा पट्टा आणि आत्याचा गुडघा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्याने गुडघ्यासाठी 'युरेनियम-लोह चुंबक पट्टा' मागवायचं ठरवलंय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: लोखंडात युरेनियम मिसळलं की चुंबक जबर होतो, जितकं युरेनियम जास्त तितकी ताकद जास्त, किरणं लोखंडच गिळतं म्हणून धोका शून्य, आणि शोध म्हणे इंदूरचा.

शेवटचं आधी उरकतो. गावात कॅट (अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र, आताचं आरआरकॅट) आहे म्हणून अणूच्या कुठल्याही थापेवर इंदूरचा शिक्का मारायचा, एवढंच ते.

आता 'जास्त युरेनियम, जास्त ताकद'. साफ उलटं! शुद्ध लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व टिकवतं. एका युरेनियम अणूमागे लोखंडाचे दोन अणू असलेल्या यूएफई-२ या संयुगात ते उणे ११० अंशांच्या आसपासच संपतं. त्यात लोखंड थोडं वाढवलं तर ही मर्यादा वर सरकते. आणि युरेनियमचे सहा अणू, लोखंडाचा एक? ते संयुग चुंबक होतच नाही, उणे २६९ अंशांजवळ अतिसंवाहक होतं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलायला लागतं. आत्याचा गुडघा ३७ अंशांवर आहे.

कारणही ठाऊक आहे. वुल्फ, लँडर वगैरे शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये यूएफई-२ न्यूट्रॉनने तपासलं, ते प्रसिद्ध आहे. युरेनियमच्या इलेक्ट्रॉनांचं फिरकीतून येणारं चुंबकत्व आणि कक्षेतून येणारं चुंबकत्व एकमेकांविरुद्ध, जवळजवळ सारखंच, हिशेब शून्याशी. वर लोखंडही मंदावतं: एरवी अणूमागे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक), इथे ०.६ च्या आसपास.

बरं, एक कबूल करतो. यूएफई-१०-एसआय-२ हे युरेनियम, लोखंड आणि सिलिकॉनचं संयुग खोलीच्या तापमानालाही चुंबक असतं. पण त्यात एका युरेनियममागे लोखंडाचे दहा अणू आहेत. ताकद कोणाची, ते सांगायला नको.

'लोखंड किरणं गिळतं' हे मात्र चीड आणणारं. संयुगात बांधला म्हणून युरेनियमचा अणू फुटायचा थांबत नाही. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, साडेचार अब्ज वर्षं, तेच राहतं. त्यातून सुटणारी किरणं, म्हणजे अल्फा कण, कातडीही भेदत नाहीत, खरंय. पण पट्टा घासून भुकटी झाली आणि ती पोटात, फुप्फुसात गेली, की तीच किरणं आतून मारतात, आणि जड धातू म्हणून युरेनियम मूत्रपिंडाला वेगळंच भोवतं.

राहता राहिला विकणारा. पट्ट्यात खरंच युरेनियम असेल, तर अणुऊर्जा कायद्याखाली परवान्याशिवाय ते विकणं गुन्हा आहे. नसेल, तर आत्या स्पीकरमधल्या साध्या फेराइट चुंबकाचे पैसे भरतेय.