शिकागोच्या तळघरात पेडर रोडचा चढ

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या धावणाऱ्यांत तोच वाद नव्याने पेटतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन तोंडावर असते, हवा धुरकटलेली असते आणि कोणीतरी जाहीर करतं की यंदा सगळा सराव ट्रेडमिलवर. लगेच दुसरी बाजू तुटून पडते: पट्टाच पाय मागे ओढतो, तुम्ही फक्त उड्या मारता, हे धावणं नव्हे. पहिल्या बाजूचं उत्तरही ठरलेलं आहे: डांबरावर गुडघे जातात, फुटपाथ नाहीत, कुत्री मागे लागतात, गाड्या अंगावर येतात. शिकागोसारख्या शहरात, जिथे बर्फामुळे हिवाळ्यात अधूनमधून यंत्राची पायरी चढावीच लागते, तिथून हा वाद ऐकला की वाटतं, यंत्रावर नाहक आरोप होतायत आणि रस्त्याला फार स्वस्तात सोडलं जातंय.

पट्टा पाय ओढतो हा समज आधी बाजूला ठेवू. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात चालायला जेवढे कष्ट पडतात तेवढेच फलाटावर चालायला पडतात. फिरत्या पट्ट्याचंही तसंच. खरा फरक हवेचा आहे. बाहेर ताशी १० किलोमीटरने धावताना अंगावर सेकंदाला २.८ मीटरचा वारा आपणच तयार करतो, यंत्रावर तो नसतो. ती हवा कापायला लागणारी ताकद भरून काढायला ट्रेडमिल १ टक्का चढावर ठेवा, हा सल्ला जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांच्या १९९६च्या अभ्यासातून आला. पण तो अभ्यास साधारण ताशी साडेदहा ते १८ किलोमीटर वेगाचा होता. ताशी सात-आठने धावणाऱ्याला हवेचा अडथळा नगण्य असतो. त्याने तो एक टक्का खुशाल विसरावा.

वारा नसण्याचा दुसरा परिणाम याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोच्या माणसाचे तासाला १० किलोमीटरचे ७०० झाले. त्यातला पाव हिस्साही हालचालीच्या कामी येत नाही, बाकी सगळी उष्णता. लिटरभर घाम अंगावरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, पण टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही. बंद खोलीत त्वचेलगतची हवा दमट होऊन तिथेच साचते, घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला चाळिसाव्या मिनिटाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर गेलेली असते. ट्रेडमिल अवघड वाटते ती बरेचदा यामुळे. छताचा पंखा पुरत नाही. उभा पंखा समोर एक-दीड मीटरवर, छातीच्या उंचीला, पूर्ण वेगात हवा.

पण शिकागोहून मुंबईला धावायला येणाऱ्याने हाच दोष वापरून घ्यावा. शून्याखालच्या थंडीत सराव करून थेट मुंबईच्या दमटपणात उतरलं की पहिल्या पाच-सात दिवसांत शरीर गोंधळतं. उष्णतेशी जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही तयारी निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत तळघरातल्या ट्रेडमिलवर करता येते. पंखा बंद, ४५ ते ६० मिनिटं, अगदी बोलता येईल अशा वेगाने, नजर वेगावर नाही तर नाडीवर. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर घाम. घट वजनाच्या २ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका, आणि नंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलात, तेही धोक्याचं. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको. भोवळ किंवा हुडहुडी जाणवली तर तिथेच थांबायचं.

चढाचंही असंच आहे. शिकागो ताटासारखं सपाट आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. तो शिकागोत यंत्राशिवाय कुठे मिळणार? ५ टक्के चढ, नेहमीपेक्षा ताशी दीड-दोन किलोमीटर कमी वेग, चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं सपाट. ही मेहनत लांब धावण्याच्या शेवटी ठेवली तर पेडर रोडची चव कळते. हात दांडीला लावायचा नाही. दांडी धरली की अंगाचा भार तिच्यावर जातो, चढाचा आकडा पडद्यावर राहतो आणि पायांना काहीच पोचत नाही.

उतार मात्र यंत्र देत नाही. काही महाग यंत्रं उणे ३ ते ६ टक्क्यांपर्यंत जातात, बहुतेक शून्याखाली उतरतच नाहीत. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा असतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात आणि या प्रकारच्या कामाची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. फक्त पट्ट्यावर तयारी केलेला माणूस साताऱ्यात चढावर नाही, उतारावर मोडतो. सपाट गावात राहणाऱ्याने आठवड्यातून दोनदा इमारतीचे मजले सावकाश उतरावेत, पायरीवरून एका पायाने खाली टेकण्याच्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या कराव्यात, आणि शर्यतीआधी निदान तीन-चार खरे उतार पायाखालून घालावेत.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. हौसेने, बेताने धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं दिसलेलं नाही. दुखापती येतात त्या बहुतेक अंतर एकदम वाढवल्याने, मग खाली डांबर असो की रबर. यंत्राचा पाट, म्हणजे पट्ट्याखालची फळी, थोडा मऊ असतो हे खरं, पण तिथे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं आणि तोच ताण त्याच जागी साठत जातो. टेकडीच्या मातीत दोन पावलं सारखी पडत नाहीत. यंत्रावर दर पाच मिनिटांनी वेग किंवा चढ किंचित बदलत राहणं हा त्यावरचा साधा उपाय.

आता यंत्राची निगा, कारण सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर दिसणारा वेग खरा असतोच असं नाही. तपासायची रीत सोपी आहे. पट्ट्यावर खडूने खूण करा, हाताने फिरवत टेपने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ३.२ मीटर आली. ५० फेऱ्या म्हणजे १६० मीटर. पडद्यावर ताशी १० असताना त्यांना ५७.६ सेकंद लागायला हवेत. ६२ लागले तर खरा वेग ताशी ९.३च आहे. मोजताना पट्ट्यावर कोणीतरी धावत असलं पाहिजे, कारण रिकामा पट्टा भाराखालच्या पट्ट्यापेक्षा वेगळा वागतो.

पाऊल टेकताच पट्टा क्षणभर अडकल्यासारखा वाटला तर तो सैल आहे. मागचे दोन्ही बोल्ट अॅलन कीने पाव-पाव वळसा घट्ट करा, दोन्ही सारखेच. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर फक्त उजवा बोल्ट पाव वळसा घड्याळाच्या दिशेने, मग दोन मिनिटं फिरवून बघा. एकदम पूर्ण वळसा दिला की पट्टा दुसऱ्या टोकाला जाऊन कडा फाटते. मोटर कण्हत असेल आणि प्लग काढून पट्ट्याखाली हात घातल्यावर पाट कोरडा लागला तर दोन्ही बाजूंनी पट्ट्याखाली पंधरा-वीस मिली शुद्ध सिलिकॉन तेल नागमोडी सोडा, आणि ताशी ४च्या वेगाने पाच मिनिटं चालवा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको: त्यावर धूळ बसते आणि पट्टा खराब होतो. काही पाटांना मेण असतं, त्यांना तेल चालत नाही, म्हणून आधी पुस्तिका वाचा.

अमेरिकेतून कायमचे परतणारे कधी कंटेनरमध्ये ट्रेडमिलही भरतात. त्यांनी थांबावं. ते यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, आपली वीज २३० आणि ५०ची. ३ हॉर्सपॉवर म्हणजे सव्वादोन किलोवॅट, त्याला निदान ३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तरी मोटरचं नियंत्रण करणारं सर्किट बिघडलं तर तो सुटा भाग इथे शोधत बसाल. भारतात घ्यायचं तर ‘पीक’ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा नव्हे, सलग चालणाऱ्या ताकदीचा आकडा विचारा. धावायला ३ हॉर्सपॉवर, आणि पट्टा निदान ५० सेंटिमीटर रुंद, १४० लांब. १६ अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. मागे २ मीटर मोकळी जागा हवीच. आपल्याकडे यंत्र भिंतीला टेकवून ठेवतात. मग पडलेला माणूस भिंत आणि फिरत्या पट्ट्यात अडकतो. ओढली गेली की यंत्र बंद करणाऱ्या सेफ्टी कीची दोरी कंबरेला अडकवा, आणि घरात मूल असेल तर वापर झाल्यावर की काढून कुलपात ठेवा. फिरत्या पट्ट्याने लहान हातांची त्वचा भाजून निघते.

हवेच्या बाबतीत परदेशात राहून एक गोष्ट लख्ख दिसते: आकडा कोणत्या मोजपट्टीचा आहे ते कोणी बघत नाही. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, असलेली हवा भारतीय हवा-निर्देशांकात १००, म्हणजे ‘समाधानकारक’च्या शेवटच्या पायरीवर. तीच हवा अमेरिकी निर्देशांकात १५०च्या वर, म्हणजे सगळ्यांसाठीच ‘अपायकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, धावणारा साठाच्या पुढे जातो. म्हणून ॲपवरचा रंग नको, मायक्रोग्रॅम बघा. हिवाळ्यात पहाटेची हवा ताजी असते हाही गैरसमज आहे. थंड हवा जमिनीलगत अडकते, वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो आणि ऊन वर येईपर्यंत धूर त्याच्याखालीच राहतो. आणि जिममध्ये शिरल्याने सुटका होत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची जाळी जाड धूळ तेवढी पकडते. बारीक कण अडवणारी हेपा गाळणी नसलेल्या जिममध्ये तुम्ही तीच हवा, फक्त थंड करून, ओढता. हे दुखणं फक्त आपलं नाही. २७ जून २०२३ला कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने शिकागोची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट होती, आणि त्या दिवशी घरात राहणं हेच शहाणपण होतं.

एरवी शिकागोकर बाहेरच धावतात, थंडीतही. उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला उणे २०. त्यात जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि परतताना वारा पाठीला घ्यायचा, कारण उलट केलं तर घामेजल्या अंगावर वारा लागून शरीर झपाट्याने गार पडतं. आत सुती कपडा नाही, हातात बोटं एकत्र राहतील असे मोजे. अंगाला जाणवणारं तापमान उणे २८च्या खाली गेलं की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. मग ट्रेडमिल. डांबरावर न दिसणारा पातळ बर्फ असेल तरीही ट्रेडमिल. इथे यंत्राकडे वळायचं कारण हवामान असतं.

बाकी दिवस बाहेर धावता येतं ते मिशिगन सरोवराच्या काठावरच्या सुमारे ३० किलोमीटरच्या सलग, मोफत मार्गामुळे. २०१८पासून त्यावर सायकली आणि पायी जाणारे वेगळे केलेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १८३६च्या नकाशावर इलिनॉय-मिशिगन कालव्यासाठी जमीन विकणाऱ्या आयुक्तांनी त्या काठाच्या एका पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक, कायम खुली आणि इमारतींपासून मुक्त राहील. त्या ओळीच्या आधारावर अॅरन माँटगोमेरी वॉर्ड हे व्यापारी १८९०पासून वीस वर्षं कोर्टात लढले. आजही दिवसा पडलेला बर्फ घरासमोरच्या फुटपाथवरून रात्री दहापर्यंत हटवणं हे त्या मालमत्तेच्या मालकाचं कायदेशीर काम आहे.

आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, चढ, उतार आणि माती तिन्ही फुकट. शिकागोच्या तळघरात वीज जाळून ज्याची नक्कल करावी लागते ते सगळं तिथे आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून तिचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि २०२३मध्ये नागरिक तिच्यासाठी रस्त्यावर उतरले. ट्रेडमिल की रस्ता यावर खर्च होणारी शक्ती तिथे लावायला हवी असं मला मनापासून वाटतं. फुटपाथ नाही म्हणून यंत्र घेतलं, अंधारात एकटीने बाहेर पडता येत नाही म्हणून यंत्र घेतलं, ही त्या घरापुरती योग्य निवड आहे, विशेषतः बायकांसाठी. पण असं प्रत्येक यंत्र रस्त्यावरचा एक माणूस कमी करतं, आणि रिकामा रस्ता उरलेल्यांना अजून असुरक्षित होतो.

सोसायटीने दुसरी ट्रेडमिल घेण्याआधी आवाराच्या कडेने वाट मोजून बघावी. ३०० मीटरची फेरी निघाली तर १७ फेऱ्यांत पाच किलोमीटर होतात. गाड्या आत सरकवून मीटरभर जागा, कोपऱ्यांवर दिवे, गटाराची झाकणं जमिनीच्या पातळीला, पावसाळ्यात शेवाळ खरवडून काढणं. आणि दिशा एक दिवसाआड बदलायची, नाहीतर सतत एकाच बाजूला वळून ताण एकाच पायावर जास्त येतो.