‘बसवा आणि विसरा’ या सल्ल्याला उत्तर: टूरिंग सायकलचा बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेट

लांबच्या प्रवासासाठी सायकल तयार करणाऱ्याला हल्ली एक सल्ला सगळीकडून मिळतो. पुढे पाठवणारे तो चांगल्या मनानेच पाठवतात. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पेडलच्या दांड्यांना जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, आणि हेडसेट म्हणजे हँडल आणि पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) ज्यावर वळतात ती बेअरिंगं. सल्ल्याचा गाभा असा: ‘सीलबंद बेअरिंग घ्या, त्यात पाणी शिरत नाही. जमलं तर सिरॅमिकचं घ्या, जन्मभर टिकतं. चौकोनी एक्सलचा बॉटम ब्रॅकेट जुनाट झाला, जाड एक्सलचा घ्या. हेडसेट सगळ्यात भारी घ्या, म्हणजे खड्ड्यांचा मार सोसेल. एकदा बसवा आणि विसरा. पुढे कधी करकर ऐकू आलीच, तर बॉटम ब्रॅकेट गेला समजा.’

यातलं एकेक वाक्य एक तर चुकीचं आहे, नाहीतर निम्मंच खरं आहे. सायकलवर पंचवीस-तीस किलो सामान आहे आणि सुटा भाग मिळेल असं दुकान दोन दिवसांच्या अंतरावर आहे, अशा वेळी हा सल्ला फार महागात पडतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘सीलबंद’. या शब्दाने फार लोकांना फसवलं आहे. सील म्हणजे रबराची एक पातळ कड. ती बेअरिंगच्या आतल्या कड्यावर टेकून घासत राहते. जितकी घट्ट टेकेल तितकं पाणी अडतं, आणि तितकंच बेअरिंग फिरायला जड होतं. हातात घेतल्यावर भिंगरीसारखं फिरणारं बेअरिंग बघणाऱ्याला आवडतं, पण ते तसं फिरतं कारण त्याचं सील टेकतच नाही किंवा आत ग्रीस नावापुरतं आहे. नवं बेअरिंग बोटाने फिरवताना किंचित जड, मऊ लागलं की मला बरं वाटतं.

ग्रीसची गोष्टही ध्यानात घ्या. अशी बेअरिंगं बनतात ती मुख्यतः यंत्रांसाठी. मिनिटाला हजारो फेऱ्या होतात तिथे जादा ग्रीस घुसळून तापतं, म्हणून आतली साधारण एक तृतीयांश जागाच भरलेली असते. पेडल मिनिटाला 80-90 फेऱ्या घेतं, इथे तापण्याचा प्रश्नच नाही. पातळ पात्याच्या टोकाने सील कडेने अलगद उचलायचं, घट्ट, पाण्याने न धुपणारं ग्रीस काठोकाठ भरायचं आणि सील बोटाने दाबून परत बसवायचं. पाण्याला शिरायला रिकामी जागाच उरत नाही. कितीही भारी बेअरिंग घ्या, या दहा मिनिटांच्या कामाची भरपाई त्यातून होत नाही.

शिवाय पाणी फक्त बाहेरून सीलवर येतं असं नाही. पावसात ते सीटपोस्टच्या फटीतून नळीत उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये, म्हणजे तो फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बसतो तिथे, साचतं. शेलच्या तळाला निचऱ्याचं छिद्र आहे का, आणि ते चिखलाने बुजलेलं तर नाही ना, हे प्रवासाआधी बघा. ओढा ओलांडताना आणखी एक गोष्ट घडते: उन्हाने तापलेला भाग गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. हे कोणत्याही सीलला पूर्ण थोपवता येत नाही. जोराच्या फवाऱ्याने सायकल धुणारे तर हेच काम स्वतःच्या हाताने करतात.

सिरॅमिकचा मुद्दा लवकर आटपतो. त्यात छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, पण ते ज्या कड्यांवर फिरतात ती कडी बहुतेक वेळा पोलादाचीच असतात. रेतीचा कण आत गेला तर कठीण छर्ऱ्याला काही होत नाही, चरे पडतात ते कड्याला. जास्त वेगात या छर्ऱ्यांचा फायदा खरा आहे, पेडलच्या वेगात आणि चिखलात तो उरत नाही. बेअरिंगवर छापलेल्या अचूकतेच्या आकड्यांचंही तेच: ते मापाची बारकाई सांगतात, टिकाऊपणा किंवा सीलची ताकद नाही.

आता जाड एक्सल. जाड एक्सल कमी वाकतो हे खरंच आहे. पण शेलचं भोक तेवढंच राहिलं आणि एक्सल जाड झाला, तर मधल्या छर्ऱ्यांना जागा कुठून मिळणार? आयसिस आणि ऑक्टालिंक या जाड, खाचांच्या एक्सलच्या पद्धतींत नेमकं हेच झालं. चौकोनी एक्सल साधारण 17 मिलिमीटरचा, हे 22 च्या आसपासचे. आटे असलेल्या नेहमीच्या शेलमध्ये साधारण 34 मिलिमीटरचीच जागा, त्यामुळे छर्रे लहान करावे लागले, आणि आयसिसचे बॉटम ब्रॅकेट लवकर जातात अशी त्यांची ख्यातीच झाली. त्यावर उपाय म्हणून बेअरिंग शेलच्या बाहेर आणून बसवलं आणि एक्सल 24 मिलिमीटरचा केला. छर्ऱ्यांना जागा मिळाली, पण दोन नव्या अडचणी आल्या. बेअरिंग आता चाकाच्या चिखलात उघडं आलं. आणि दोन्ही कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) शेलच्या दोन तोंडांवर टेकतात, म्हणून ती तोंडं एकमेकांना समांतर नसतील तर दोन बेअरिंगं एका रेषेत येत नाहीत. तिरक्या रेषेतलं बेअरिंग कितीही उंची असलं तरी लवकर खरखरतं.

चौकोनी एक्सलच्या कार्ट्रिजमध्ये (एकसंध, बंद बॉटम ब्रॅकेटमध्ये) दोन्ही बेअरिंगं एकाच नळकांड्यात, कारखान्यातच एका रेषेत बसवलेली असतात. शेलचं तोंड थोडं तिरकं असलं तरी त्यांचं आपसातलं नातं बिघडत नाही. हा ‘जुनाट’ भाग टिकतो तो यामुळे. त्याचे दोष लपवायचं कारण नाही. क्रँक (पेडलचा दांडा) काढायला पुलर, म्हणजे तो ओढून काढणारं अवजार, लागतो. बोल्ट 35 ते 50 न्यूटन-मीटरला आवळावा लागतो, आणि तो ढिला असताना चालवत राहिलात तर अॅल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक कायमचं फाकतं, मग ती क्रँक कितीही आवळा, परत ढिलीच होते. बदलताना एक्सलची लांबी तीच लागते, नाहीतर चेनची रेषा बिघडते. बाहेरच्या बेअरिंगची क्रँक मात्र 5 मिलिमीटरच्या अॅलन कीने आणि एका छोट्या टोपी-पान्याने रस्त्यातच सुटते, ही तिची मोठी सोय.

म्हणून माझं मत असं: शेलला आटे असतील तर चौकोनी कार्ट्रिज डोळे झाकून घ्या. बाहेरच्या बेअरिंगची क्रँक आधीच असेल तर ती फेकू नका. शेलची तोंडं एकदा फेसिंग करून समांतर करून घ्या आणि कपांची एक नवी जोडी त्यांच्या पान्यासह बॅगेत ठेवा. दाबून बसवायचा, बिनआट्यांचा शेल मात्र टूरिंगसाठी टाळा. त्यात बेअरिंगची बैठक म्हणजे फ्रेमचं भोकच असतं, ते किंचित मोठं झालं तर बदलायला काही उरत नाही. पुढे 47 मिलिमीटरच्या आट्यांचं टी-47 हे माप आलं ते काही उगाच नाही. आणि नेहमीच्या बीएसए (आट्यांच्या प्रचलित मापाच्या) शेलवर हात घालण्याआधी हे पाठ करा: चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावून कप जाम केलेले मी पाहिले आहेत.

हेडसेटबद्दलचा गैरसमज सगळ्यात जुना आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर लोक म्हणतात, खड्ड्यांच्या माराने छर्ऱ्यांचे ठसे उमटले. हातोडीने ठोकल्यासारखे. मग सल्ला येतो, आणखी दणकट हेडसेट घ्या.

पण कडी उघडून बघा. मारानेच ठसे उमटले असते तर ते सगळीकडे सारखे दिसायला हवेत. ते पुढच्या आणि मागच्या बाजूला जास्त खोल असतात. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने याचं कारण अनेक वर्षं समजावून सांगितलं: चिमटा चालताना पुढे-मागे लवतो, त्याच्याबरोबर छर्रे जागच्या जागी सूतभर हलतात. सरळ रस्त्यावर हँडल जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे त्या बिंदूंवरचं ग्रीस बाजूला सरतं, पुन्हा पसरत नाही, आणि धातूवर धातू घासून खळगे पडतात. हा मार नाही, ही झीज आहे. पुढच्या रॅकवर सामान लादलं की चिमटा जास्त लवतो, म्हणून टूरिंगच्या सायकलींना हा त्रास अधिक.

कारण बदललं की निवडही बदलते. कडी अधिक कठीण असून भागत नाही, चिमट्याचं हे लवणं कुठेतरी सामावलं पाहिजे. तिरकस भार घेणारं कार्ट्रिज बेअरिंग आपल्या उतरत्या बैठकीवर केसभर सरकू शकतं, लवणं तिथे जिरतं आणि छर्रे फक्त फिरण्याचं काम करतात. मध्यम किमतीच्या हेडसेटमध्येही हे मिळतं. कप मात्र फ्रेमच्या नळीबाहेर बसणारे, वेगळे निघणारे निवडा. जिथे बैठक फ्रेममध्येच कोरलेली असते तिथे ती झिजली की झीज फ्रेमची होते. कार्ट्रिजवर कोरलेलं माप, म्हणजे व्यास आणि 36 किंवा 45 अंशांचे कोन, निघण्याआधी कागदावर उतरवून घ्या. डोळ्याला सारखी दिसणारी दोन बेअरिंगं एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही.

रस्त्यात अडकलात आणि हेडसेट सुट्या छर्ऱ्यांचा असला, तर एक जुना उपाय अजून चालतो. छर्रे धरून ठेवणारी जाळी काढून टाका आणि सुटे छर्रे भरा. एखाद-दुसरा जास्त मावतो, अंतरं बदलतात आणि छर्रे जुन्या खळग्यांत एकाच वेळी बसत नाहीत. घरी पोचेपर्यंत हँडल मोकळं राहतं.

मार खरोखर बसतो तो ढिल्या हेडसेटला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, खालच्या कपाशी बोट धरा. टकटक जाणवली तर त्याच दिवशी काढा. बिनआट्यांच्या प्रकारात आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल करा, मग वरचा बोल्ट टकटक जाईपर्यंतच आवळा, मग स्टेम परत घट्ट. वरचा बोल्ट काही धरून ठेवत नाही, त्याचं काम फक्त मोजका दाब देण्याचं. आणि पुढे लांब मडगार्ड लावा. चाकाचं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर उडतं, म्हणून आधी जातं ते बहुतेक वेळा खालचंच.

राहिली करकर. माझ्या एका सायकलला चढावर उजव्या पायाच्या प्रत्येक जोराला आवाज यायचा. कारागिराने ऐकताक्षणी बॉटम ब्रॅकेट बदलला. आठवड्याने आवाज परत, त्याने पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा मी स्वतः बसलो. पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावलं, आवाज तसाच. उभं राहून चालवल्यावरही येतोय, म्हणजे सीटपोस्ट नाही. मग चेनरिंगचे पाचही बोल्ट काढले. दोन कोरडे ठणठणीत होते आणि त्यांच्याखालचा धातू घासून चकाकत होता. पुसले, ग्रीस लावलं, आवळले, आणि आवाज थांबला. आवाज फ्रेमच्या नळ्यांतून फिरून भलतीकडून ऐकू येतो, म्हणून क्रम ठरवून ठेवा: पेडल, चेनरिंगचे बोल्ट, क्रँकचा बोल्ट, सीटपोस्ट, खोगिराच्या सळ्या, मागच्या चाकाची पकड. बॉटम ब्रॅकेटचा खरा बिघाड कळतो तो चेन उतरवून क्रँक हाताने फिरवल्यावर लागणाऱ्या खरखरीतून, किंवा क्रँक आडवी हलवल्यावर जाणवणाऱ्या ढिलेपणातून. त्या वेळी काढून टाकलेल्यांपैकी पहिला मी दुसऱ्या सायकलला बसवला. तो अजून तिथेच फिरतो आहे.