बॅशआरसीत टाक ना!

कालचीच गोष्ट आहे, त्यामुळे डोकं अजून थंड झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालणारी एक साधी स्क्रिप्ट, तिला जावा लागतं, जावा मशीनवर आहे, टर्मिनलमध्ये हाताने चालवली की सुसाट पळते, आणि रात्रीच्या लॉगमध्ये मात्र एकच ओळ: कमांड नॉट फाउंड. सकाळी सगळ्यांसमोर "रिपोर्ट रिकामा कसा?" हा प्रश्न मला. मशीनला कोणी काही विचारत नाही.

आणि नॉट फाउंड म्हणजे काय? कुठे शोधलंस ते तरी सांग ना! पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधायचे त्या यादीत, कुठले फोल्डर होते, कशात डोकावलंस, काही नाही, हात वर करून मोकळं.

तर मी क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या कामांची फाइल, उघडून बसलोय, तेवढ्यात शेजारच्या टीममधले एक सीनियर सर मागे येऊन उभे राहिले. त्यांची मीटिंग रूम रिकामी व्हायची होती. लॅपटॉप काखेत, मोकळा वेळ हाताशी, आणि समोर मी.

"काय झालं रे?"

"क्रॉनला जावा सापडत नाहीये सर."

"बॅशआरसीत टाक ना." (बॅश हा शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. बॅशआरसी ही तो टर्मिनलमध्ये सुरू होताना सहसा वाचतो ती सेटिंगची फाइल. एक्स्पोर्ट म्हणजे तिथली सेटिंग पुढच्या प्रोग्रामना पोचवणं, सोर्स म्हणजे ती फाइल लगेच परत वाचायला लावणं.)

"तिथे आहेच सर, पण क्रॉन बॅशआरसी वाच..."

"एक्स्पोर्ट लावलंयस?"

"लावलंय."

"सोर्स केलंस?"

"केलं सर, पण क्रॉन..."

"मग चालायला पाहिजे."

एवढं बोलून ते स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांनी चालायला पाहिजे म्हटल्यावर आता मशीन ओशाळून चालायला लागेल अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती. मीही बघत राहिलो, काय करणार. मग म्हणाले, "माझ्याकडे तर चालतं," आणि पुरावा म्हणून काखेतला लॅपटॉप उघडला. टर्मिनल उघडलं तर प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ, येईना. येईना म्हणजे येईचना. कारण साहेबांची बॅशआरसी ही पिढीजात दागिन्यासारखी आहे, प्रत्येक नोकरीतून पुढच्या नोकरीत आलेली, आणि कुठल्याही नोकरीत एकही ओळ काढलेली नाही. त्यात जावा होम, म्हणजे जावा कुठे आहे ते सांगणारी ओळ, तीन वेळा होतं, तीन वेगळ्या व्हर्जनचं, त्यातली दोन तर त्या लॅपटॉपवर नव्हतीच. मी विचारलं, "सर, हे तीनदा?" तर म्हणाले, "असू दे, शेवटचं लागतं."

हे बरोबर आहे, बरं का. शेवटचंच लागतं. मी गप्प बसलो.

"सरक जरा," म्हणाले आणि माझा कीबोर्ड घेतला. आधी एक्स्पोर्ट पाथ लिहून, स्पेस देऊन, बरोबरचं चिन्ह, परत स्पेस. शेलला ती स्पेस चालत नाही, नॉट अ व्हॅलिड आयडेंटिफायर म्हणून तक्रार आली. "तुझं मशीन जरा वेगळंच आहे," हे माझ्याकडे न बघता. मग स्पेस काढल्या आणि इको करून, म्हणजे दिलेला मजकूर तसाच छापणारी कमांड वापरून, ती ओळ थेट माझ्या बॅशआरसीच्या शेवटी चिकटवली. पाथ बरोबर जावाचा फोल्डर. संपलं. मागे डॉलर पाथ, म्हणजे जुनी यादी, जोडलेली नाही, म्हणजे आधीचा अख्खा पाथ गेला उडून. मी "सर, सर" म्हणेपर्यंत सोर्सही करून झालं होतं.

मग त्यांनी एलएस, म्हणजे फोल्डरमधल्या फाइली दाखवणारी कमांड, टाइप केलं. कमांड नॉट फाउंड.

परत टाइप केलं, या वेळी जरा जोरात. तेच.

मग इको हॅलो. हॅलो आलं. सरांचा चेहरा उजळला. "बघ! इको चालतंय. म्हणजे शेल ठीक आहे. तुझं एलएस खराब झालंय."

आता इको बॅशच्या पोटातच असतं, सीडीसुद्धा, त्यांना पाथ लागत नाही, आणि एलएस हा वेगळा प्रोग्राम, तो शोधायला पाथ लागतो, तो पाथ तुम्ही आत्ता माझ्यासमोर मारलात, हे सगळं सीनियर माणसाला कसं सांगायचं? मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "टर्मिनल बंद करून परत उघड." उघडलं. नवीन खिडकी इमानदारीत तीच बॅशआरसी वाचणार, त्यामुळे तिथेही एलएस गायब. "मग रीइन्स्टॉल करून बघ," म्हणाले, आणि तेवढ्यात मीटिंग रूम रिकामी झाली. गेले. मी फोल्डरसकट पूर्ण पत्ता टाइप करून व्हीआय एडिटर उघडला आणि त्यांची ओळ निस्तरत बसलो.

खरं सांगायचं तर एकट्या सरांवर राग काढून उपयोग नाही. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल आला, एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल आले (पाथ हा त्यातलाच एक), आणि लॉगिन केलं की होम फोल्डरमधली एक प्रोफाइल फाइल वाचली जायची. एक. पुढे १९८९ मध्ये बॅश आला आणि त्याने लॉगिन शेलची, म्हणजे लॉगिन केल्यावर सुरू होणाऱ्या शेलची, फाइल वेगळी, नुसत्या इंटरॅक्टिव्ह शेलची, म्हणजे माणूस समोर बसून टाइप करतो त्याची, वेगळी केली. लॉगिनवाला आधी बॅश प्रोफाइल शोधणार, नसेल तर बॅश लॉगिन, तेही नसेल तर जुनी प्रोफाइल, आणि यातली पहिली सापडली की बाकीच्यांकडे ढुंकून बघणार नाही. म्हणजे एखाद्या इन्स्टॉलरने गुपचूप होममध्ये बॅश प्रोफाइल तयार केली की त्या दिवसापासून तुमची वर्षानुवर्षांची प्रोफाइल मेली, आणि एरर? छे. झेडशेल या दुसऱ्या शेलचा संसार याहून मोठा, त्याच्या झेडशेएनव्ही, झेडप्रोफाइल, झेडशेआरसी, झेडलॉगिन अशा चार फाइली, आणि २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर तोच डीफॉल्ट. वर मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणून उघडतं, लिनक्स डेस्कटॉपवर बहुतेक ठिकाणी तसं नसतं. म्हणजे एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याला मातीत घालतो. पण सल्ला देणारा कधी विचारतो का, बाबा रे तुझा शेल कुठला, कोणी सुरू केलाय? नाही. टाक बॅशआरसीत.

क्रॉन तर यातलं काहीच वाचत नाही. तो एसएच हा साधा शेल उठवतो, पाथमध्ये बहुतेक वेळा यूएसआर बिन आणि बिन एवढंच, झालं. त्याला मारून मुटकून बॅशआरसी वाचायला लावली तरी उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच लिहिलेलं असतं की शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा. म्हणजे ज्या फाइलवर सगळं जग श्रद्धा ठेवून बसलंय तीच दारातून हाकलून देते.

शेवटी क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची एक ओळ लिहिली. तिथेही डॉलर पाथ चालत नाही, क्रॉन तो उलगडत बसत नाही, जसाच्या तसा ठेवतो, म्हणून सगळे फोल्डर हाताने लिहिले. रात्री स्क्रिप्ट चालली, सकाळी रिपोर्ट भरलेला.

आणि आज सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज: "एनव्हायर्नमेंटचा इश्यू होता, काल मी बसून बॅशआरसीतून सोडवून दिला." त्यावर अंगठ्यांची रांग. ज्यांनी मला रिकामा रिपोर्ट विचारला होता त्यांचं "थँक यू सर, ग्रेट." मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. मग बॅशआरसी उघडली. त्यांची ओळ मी डिलीट केली नव्हती, पुढे हॅश लावून ठेवली होती, म्हणजे शेल ती सोडून देतो. आता तिच्या वर एक कॉमेंट टाकलीय, कालच्या तारखेसकट, नाव न घेता. पुढचा जो कोणी "माझ्याकडे तर चालतं" म्हणेल त्याला आधी ती वाचायला लावणार आहे.