संशोधन फसतं ते बहुतेकदा शीटमध्येच

एखाद्या संशोधन पेपरवर वाद सुरू झाला की आपण लगेच नमुना किती मोठा होता, चाचणी कोणती लावली, पी-व्हॅल्यू किती आली यावर येतो. माझं मत असं की बरंचसं संशोधन त्याच्या कितीतरी आधी बिघडलेलं असतं: डेटा एक्सेलसारख्या शीटमध्ये भरताना, दोन फायली जोडताना, सॉर्ट करताना. ही पायरी क्वचितच कोणी शिकवतं, त्याहून क्वचित कोणी तपासतं. विषय जीवशास्त्र असो, अर्थशास्त्र असो की यंत्र अभियांत्रिकी, घोळ सगळीकडे त्याच जातीचे होतात.

जनुकांचंच बघा. 'सेप्ट२' हे जनुकाचं नाव इंग्रजीत टाईप केलं की एक्सेल ते २ सप्टेंबर समजतं. सेलमध्ये तारीख दिसते, आत मात्र तारखेचा अनुक्रमांक साठतो. नंतर फॉरमॅट 'टेक्स्ट' केला तरी नाव परत येत नाही, समोर येते ती पाच आकडी संख्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण एक पंचमांश पेपरांत अशा चुका निघाल्या. अखेर मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. सेप्ट२ चं 'सेप्टिन२' झालं, मार्च१ चं 'मार्चएफ१'. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली.

अर्थशास्त्रातलं गाजलेलं प्रकरण राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या पेपरचं. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ त्यात उणे ०.१ टक्का आली होती आणि काटकसरीच्या धोरणांसाठी तिचा भरपूर हवाला दिला गेला. २०१३ मध्ये हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी मूळ शीट तपासली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घेतलेल्याच नव्हत्या. त्यांनी काढलेली दुरुस्त सरासरी होती २.२ टक्के. यातला मोठा फरक सूत्रामुळे नव्हता, काही वर्षं वगळल्यामुळे आणि सरासरीत कुठल्या देशाला किती वजन द्यायचं त्या पद्धतीमुळे होता. पण तेही कळलं ते शीट हाती आली म्हणूनच. नुसता पेपर वाचून हे कोणालाही पकडता आलं नसतं.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर अखेरीस कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले, कारण एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध घ्यायलाही तेवढाच उशीर झाला. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं, कारण एक सॉफ्टवेअर आवेग (इंजिनाचा जोर गुणिले वेळ) पाउंड-सेकंदांत देत होतं आणि पुढचं तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चालत होतं. ४.४५ पटीचा फरक, आणि आकड्यापुढे एकक नाही.

आता रोजच्या कामातलं. मला सगळ्यात घातक वाटतो तो सॉर्टचा घोळ. शीटच्या मध्ये एक कॉलम रिकामा राहिला असेल, तर डावीकडच्या एका सेलवर उभं राहून सॉर्ट केल्यावर एक्सेल फक्त डावीकडचा भाग हलवतं. उजवीकडचा जिथल्या तिथे राहतो. म्हणजे एका रुग्णाचं वय आणि दुसऱ्याच रुग्णाचा रक्तदाब एका ओळीत येतो. प्रत्येक कॉलमची सरासरी, प्रमाण विचलन, किमान, कमाल अगदी पूर्वीसारखंच राहतं, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत काहीच दिसत नाही. मोडतो तो फक्त कॉलमांमधला संबंध, आणि आपण लिहून टाकतो की 'संबंध आढळला नाही'. उपाय साधा आहे: पहिल्याच कॉलममध्ये प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक द्या, आणि सॉर्टनंतर चार-पाच ओळी मूळ फॉर्मशी ताडून बघा.

न मिळालेल्या उत्तराचंही तसंच. १०० जणांपैकी ९५ जणांचं सरासरी वय ४० आहे आणि उरलेल्या पाच जागी 'माहिती नाही' या अर्थाने -९९ भरलंय, तर सरासरी ३३ वर येते. निदान शंका तरी येते. पण तिथे शून्य भरलं असेल तर सरासरी ३८ येते आणि ती कोणालाच खटकत नाही. सेल रिकामा ठेवा, कारण वेगळ्या कॉलममध्ये लिहा.

एका यादीतलं मूल्य दुसरीतून शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप या एक्सेलच्या सूत्रात शेवटचा चौथा भाग सोडला की ते 'जवळपास जुळणारं' शोधतं. यादी क्रमाने लावलेली नसेल तर चुकीचं मूल्य गुपचूप येऊन बसतं. तिथे न विसरता फॉल्स लिहा. दोन शीट जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. ५०० च्या ५१२ झाल्या तर कुठलातरी ओळख क्रमांक दोनदा आलाय. सोळा आकडी क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीचं शून्य तर जातंच. म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर असलेली फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधून आयात करताना असे कॉलम टेक्स्ट ठरवा. तारखा २०२४-०३-०५ अशाच लिहा. एकक कॉलमच्या नावातच असू द्या. आणि पिवळ्या रंगाने 'संशयास्पद' दाखवू नका, सीएसव्हीत रंग टिकत नाही.

मूळ फाइल 'रीड-ओन्ली' करून बाजूला ठेवायची, दुरुस्त्या फक्त प्रतीत करायच्या, त्याही शक्यतो कोड लिहून. हाताने केलेला बदल सहा महिन्यांनी करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून प्रबंध तपासणाऱ्यांनी आणि नियतकालिकांनी पेपरसोबत मूळ डेटा, कॉलमांचा खुलासा आणि कोड मागायलाच हवा असं मला ठामपणे वाटतं. माणसांची खासगी माहिती असेल तर ओळख काढून, किंवा निदान परीक्षकाला समोर बसवून दाखवा. परीक्षकाने एकच तक्ता निवडावा आणि मूळ फाइलपासून तो पुन्हा बनवून मागावा. तासाभरात बनला नाही, तर मौखिक परीक्षा पुढे ढकलावी.