झाकली मूठ, तारांकित निकाल

तुमचा संशोधनाचा पेपर छापून आला, अभिनंदन! अमुक योजनेने गरिबांचं भलं होतं हे तुम्ही आकड्यांनिशी सिद्ध केलंत आणि प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर, तो निव्वळ योगायोग नाही याची खूण म्हणून, तीन-तीन तारे चमकतायत. आता एकच पथ्य पाळा. हे आकडे कुठून आले ते कुणाला दाखवू नका.

दाखवलं की काय होतं, हे मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांकडून शिका. पश्चिम केनियातल्या बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून ७५ प्राथमिक शाळांत टप्प्याटप्प्याने जंताच्या गोळ्या वाटल्या गेल्या. गोळ्या मिळालेल्या शाळांत गैरहजेरी पाव हिश्शाने घटली, शेजारच्या शाळांतल्या गोळी न खाल्लेल्या पोरांनाही फायदा झाला, असं २००४ साली त्यांनी 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. इथवर ठीक. पण या भल्या माणसांनी डेटा, कोड, सगळं पडताळणाऱ्यांच्या हाती दिलं! लंडनच्या साथरोगतज्ज्ञांनी ते पुन्हा चालवून पाहिलं. कोडने शेजार मोजताना जवळच्या बाराच शाळा धरल्या होत्या. सहा किलोमीटरच्या आत असूनही तेराव्या शाळेला शेजारधर्म नाही. चूक दुरुस्त केल्यावर लांबच्या शाळांचा फायदा विरघळला. गोळ्या मिळालेल्या शाळांतली हजेरी मात्र वाढलेलीच राहिली, पण २०१५ साली वर्तमानपत्रवाल्यांना एवढं पुढे वाचायला सवड कुठली? मथळ्यांत जंतनाशक मोहीमच फोल ठरली आणि अभ्यासकांत 'जंतयुद्ध' पेटलं. (क्रेमर यांना २०१९ साली नोबेल मिळालं, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका.)

त्याच काळात ज्यांनी डेटाच्या कपाटाला कुलूप लावलं होतं, त्यांची एकही चूक सापडली नाही. म्हणजे नव्हतीच.

तरीही कुणी डेटा मागितलाच, तर तीन महिने ईमेल बघू नका. मग फाइल द्या, पण रकान्यांना नावं नकोत. 'व्ही १७', 'व्ही १८' पुरे. सर्वेक्षणात 'सांगता येत नाही' या उत्तराला ९९ हा आकडा दिला होता, हेही बोलू नका. दुसरीतल्या पोराचं वय ९९ निघालं की पडताळणारा आठवडाभर गप्प बसतो.

आणि तुम्ही स्वतःच पडताळणारे असाल तर? जुना निकाल बरोबर निघाला असं चुकूनही कळवू नका, ते कोण छापणार? बांगलादेशातल्या सूक्ष्मकर्जाचं बघा. पिट आणि खांडकर यांनी १९९८ साली कर्जाचा फायदा दाखवला. रूडमन आणि मॉर्डक यांनी २००९ साली तेच गणित केलं, तर अधिकाच्या जागी उणे! मग पिट यांनी पडताळणीतलीच चूक काढली. ती सुधारली, अधिक परत आलं. त्यावर पडताळणारे म्हणाले, हे अधिकचं चिन्ह मोजक्याच टोकाच्या आकड्यांवर उभं आहे. एका चिन्हावर इतक्या जणांची इतकी वर्षं निघाली, याला म्हणतात रोजगारनिर्मिती.

एक जागा मात्र टाळा. १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ नका. तिथे बाई पोराला समोर उभं करून अल्बेंडाझोलची गोळी चावायला लावतात. पोरगं मान डोलावतं, गिळली म्हणतं. बाईंचा विश्वास बसत नाही.

"आ कर बघू. जीभ वर कर."